जहाज तुमच्याकडे

२ डिसेंबर, सोमवार

नवी वही, नवी खोली, नवी नोकरी. आजपासून रोज लिहायचं, असं ठरवलं आहे.

बा सकाळी वाडीतून कुंभिवलीपर्यंत सोडायला आला. डोक्यावर माझी पेटी, हातात वालाची पिशवी. खोली हायवेला लागून आहे, खलीलचाचांच्या टायरच्या दुकानावर. खाली दिवसभर ठोकाठोक चालते, पण मागच्या खिडकीतून माणिकगडाची रांग दिसते, म्हणून मला आवडली. त्यांच्या बायकोने, शहाजादीचाचींनी, लगेच तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी वर पाठवली. बाला म्हणाल्या की पोरगी आमचीच समजा. बा म्हणाला, 'शिकल्याली हाय, पन चूल पेटवता येती तिला.' सगळे हसले. आमच्या वाडीत पदवी घेतलेली मी पहिलीच. हे बा रस्त्यात भेटेल त्याला सांगत होता.

आता नोकरीबद्दल. कंपनी नौदलासाठी नकली जहाज बनवते. पूर्ण जहाज नाही, फक्त ब्रिज, म्हणजे जिथून जहाज चालवतात ती वरची खोली. खरी युद्धनौका दूर कुठल्याशा गोदीत बांधली जाते आहे. ती तयार होण्याआधी तिचा कॅप्टन, त्याच्या हाताखालचा दुसरा अधिकारी आणि खलाशांचा मुख्य, मास्टर चीफ, असे तिघे इथे येऊन एकत्र काम करायला शिकणार. ते येण्याआधी त्यांच्या जागी बसून प्रत्येक गोष्ट तपासून घ्यायला चाचणीची टोळी लागते. मी त्या टोळीत आहे.

बाहेरून नुसती पत्र्याची शेड. आत गेलं की समुद्र. खिडक्यांच्या जागी पडदे आहेत, त्यांवर लाटा येतात आणि खालची जमीन खरोखर कलते. मी समुद्र शाळेच्या सहलीत एकदाच पाहिला होता. आज कठडा घट्ट धरून उभी होते, तरी हसू थांबेना.

अजून एक जागा भरायची आहे असं सुरेखा मॅडम म्हणाल्या. त्या या कामाच्या प्रमुख. खलीलचाचांची अफरीन माझ्याच वयाची आहे, बी.कॉम. होऊन दुकानात पावत्या फाडते. मी तिला म्हटलं, तूही ये की. ती म्हणाली, 'मला तर मच्छीशिवाय समुद्रातलं काय म्हायती नाय.' पण येते म्हणाली.

५ डिसेंबर, गुरुवार

अफरीनला घेतलं. मुलाखतीत तिने सुरेखा मॅडमना सांगितलं म्हणे की जहाज पंक्चर झालं तर आमचं दुकान आहेच.

आम्हाला रोहिदासकाका शिकवतात. नौदलात मास्टर चीफ होते, आता निवृत्त होऊन खालापूरला राहतात. त्यांनी आज जहाज हातात घेण्याची रीत शिकवली. शब्द इंग्रजीतले आहेत, मी इथे मराठीत लिहिते. घेणारा म्हणतो, 'जहाज मी घेतलं.' देणारा उत्तर देतो, 'जहाज तुमच्याकडे.' दोघांनी मोठ्याने म्हणायचं. उत्तर आलं नाही तर जहाज आधीच्याकडेच राहतं, मग तो आजारी असो की मरायला टेकलेला असो. काका म्हणाले, 'मोरीत जायचं तरी कुनाच्या तरी हातात देऊन जायचं, पोरींनो. समुद्रावर जहाज बेवारशी ठेवत नाय.'

मला ही रीत फार आवडली. किती स्वच्छ. जबाबदारी कोणाची, यात शंकाच नाही. आपल्याकडे पंचायतीपासून पाण्याच्या टाकीपर्यंत सगळं असं बोलून घेतलं-दिलं तर काय बदल होईल. मी पाठ केलं. अफरीन दोनदा चुकली.

उजव्या बाजूला कॅप्टनची उंच खुर्ची आहे. नवी खुर्ची आलेली नाही, म्हणून मोडीत निघालेल्या एका जुन्या जहाजाची आणून बसवली आहे. जहाजावर त्या खुर्चीत कॅप्टनशिवाय कुणी बसत नाही. पुसायला आलेला माणूससुद्धा टेकत नाही.

दुसऱ्या अधिकाऱ्याला खुर्ची नाही. तो बाजूला उभा राहतो.

११ डिसेंबर, बुधवार

रविवारी वाडीत गेले होते तेव्हा मी सांगून बसले की मी कॅप्टन होणार. खोटं बोलायचं म्हणून नाही. तेव्हा मला तसं खरंच वाटत होतं. माझे गुण जास्त, मी आधी लागले, मला सगळं तोंडपाठ. आईने घरोघर साखर वाटली. पोरं मागे लागून 'कप्तान, कप्तान' ओरडत होती.

आज नावं सांगितली. कॅप्टन अफरीन. मी दुसरी. मास्टर चीफच्या जागी रोहिदासकाका.

सुरेखा मॅडमनी मला बाजूला घेऊन समजावलं. कॅप्टन निर्णय घेतो, पण जहाज चालतं ते दुसऱ्यामुळे, आणि तुझ्यासारखं बारीक लक्ष कुणाचं नाही. अफरीनचा आवाज मात्र ऐकला की माणूस हलतो, असंही म्हणाल्या. दुकानात बसून ड्रायव्हर लोकांवर ओरडायची सवय आहे तिला, त्यात काय मोठंसं.

अफरीन म्हणाली, 'अक्षे, तू बस हवं तर, मला ती खुर्ची उंच पडते.' ती खरंच म्हणाली, मनापासून. तेच मला सहन झालं नाही.

मत्सर हा शब्द लिहायला लाज वाटते. मी तसली मुलगी नाही. उद्यापासून मी तिला सगळं नीट शिकवीन.

१७ डिसेंबर, मंगळवार

शिकवलं. आता ती चुकत नाही. आज तिने वादळातून जहाज काढलं आणि सगळ्या शेडने टाळ्या वाजवल्या. मीही. मार्ग मी काढून दिला होता.

जेवताना रोहिदासकाकांनी खुर्चीची गोष्ट सांगितली. ते त्याच जहाजावर होते. बैठकीला मागून ठिगळ आहे, ते त्यांनी स्वतः शिडाच्या कापडाचं घातलेलं, त्यावरून त्यांनी खुर्ची ओळखली. त्या जहाजावरचा दुसरा साहेब फार हुशार होता म्हणाले. दोनदा त्याला डावलून दुसऱ्याला कॅप्टन केलं. जहाज निवृत्त झालं तेव्हा कॅप्टन बँडच्या सुरात उतरला. मोडणाऱ्यांच्या धक्क्यापर्यंत जहाज ओढत न्यायला उरला तो दुसरा साहेब. तिथे त्याच्याकडून जहाज घ्यायला कुणी आलंच नाही. मोडणाऱ्याला फक्त लोखंड हवं होतं, त्याला काय ठाऊक काय म्हणायचं असतं ते. सकाळी साहेब त्याच खुर्चीत सापडला. डोळे उघडे, समोर बघत.

अफरीन म्हणाली, बिचारा. मी मनात म्हटलं, निदान बसला तरी.

२० डिसेंबर, शुक्रवार

आज मी एक गोष्ट केली.

दुपारी लाइट गेली. सगळे बाहेर उन्हात जेवायला बसले. चाचींनी सगळ्यांसाठी बिर्याणी पाठवली होती आणि अफरीन वाढत होती, जसं काही तिच्या घरचं लग्न. मी पाण्याची बाटली विसरले म्हणून आत गेले. ब्रिजवर अंधार होता, पडदे काळे. मी खुर्चीत बसले.

ती मला बरोबर बसली. पाय पोचले. हाताखाली लाकडाला नखांचे खड्डे लागले, माझी बोटं त्यांत नेमकी गेली. मी ताठ बसून म्हटलं, जसं शिकवलं तसं, मोठ्याने: जहाज मी घेतलं.

आणि कुणीतरी म्हणालं, 'जहाज तुमच्याकडे.'

पुरुषाचा आवाज. थकलेला, अगदी सभ्य. त्यामागे एक लांब श्वास सुटला, डोक्यावरचा भारा उतरवल्यावर सुटतो तसा. मग लोखंडी जिन्यावरून पावलं खाली गेली.

वाटलं, स्पीकरची कुणी तरी तपासणी करत असेल. मला इतका आनंद झाला होता की मी तसंच जेवायला गेले आणि बिर्याणी दोनदा घेतली.

आता खोलीत लिहिताना आठवतं आहे. लाइट नव्हती. स्पीकर कसा चालेल? आणि आमच्या शेडमध्ये लोखंडी जिना नाही.

२३ डिसेंबर, सोमवार

जमीन कलते. शेडमध्ये नाही, इथे. पेल्यातलं पाणी एका बाजूला चढतं आणि सावकाश उतरतं. चाचींना दाखवलं, त्यांना सरळच दिसलं. म्हणाल्या, 'उपाशी राहतेस गं, चक्कर येते.'

आज सरावाला अफरीन खुर्चीत बसली आणि लगेच उठली. हसत म्हणाली, 'कुणाच्या मांडीवर बसल्यासारखं वाटतं.' पुन्हा बसली.

मी तिच्यापासून चार हात लांब उभी होते. माझ्या मांड्यांवर तिचं वजन आलं. तिच्या केसांच्या तेलाचा वास माझ्या नाकापाशी आला.

मला भीती वाटायला हवी होती. मला राग आला. ऊठ, असं मनात म्हटलं. ती उठली.

२९ डिसेंबर, रविवार

वाडीत आले आहे. थोडक्यात लिहिते.

वालाच्या शेंगा भरल्या म्हणून बाने दुपारीच पोपटी लावली, शेंगांचं मडकं जाळात उपडं घातलं. मडक्याभोवती सगळे बसले होते, पोरं मला कप्तान म्हणून सलाम करत होती. तेवढ्यात कानाशी आवाज आला, अदबीने, तरुण खलाशाचा: पुढे दिवा दिसतोय, साहेब. उजवीकडून येतोय. आदेश?

मी दुर्लक्ष केलं. पुन्हा विचारलं. जवळ येतोय, साहेब. आदेश?

मी कानांवर हात ठेवले. मग एक धक्का बसला. मला एकटीलाच जाणवला. पण उतारावरून हंडा घेऊन येणारी आई, कुणी ढकलावी तशी बाजूला फेकली गेली. मनगट मोडलं. कर्जतला नेऊन प्लास्टर घातलं.

आई म्हणते, पाय घसरला. बा म्हणतो, 'तितं दगूड बी नाय घसरायला.'

जहाज माझ्याकडे आहे. मी आदेश दिला नाही.

३ जानेवारी, शुक्रवार

काल खलीलचाचांचा जॅक निसटला. गाडी पायाशेजारी पडली, पायावर नाही. त्याच्या आधी मला विचारलं होतं. मी पायरीवर चहा पीत होते, उत्तर द्यायला उशीर झाला.

उत्तर दिलं की काही होत नाही. 'डावीकडे घ्या', 'वेग कमी करा'. हळूच बोलते, लोकांना फोनवर बोलते असं वाटतं.

खुर्चीत बसले की सोपं जातं. सगळे चहाला गेले की बसते. तिथून खरा समुद्र दिसतो, पडद्यावरचा नाही. पडदे बंद असतानाही दिसतो. करडा, अफाट, वास येणारा. अफरीनला हा दिसत नाही. तिला नुसतं चित्र दिसतं.

हे लिहायला नको. पण खरं आहे: मला त्याचं बरं वाटलं.

८ जानेवारी, बुधवार

रोहिदासकाकांनी ओळखलं. मी चालते कशी ते बघून. पत्र्याच्या शेडबाहेर, साध्या डांबरी रस्त्यावर मी पाय फाकवून चालत होते, जहाजावर चालतात तसं. त्यांनी विचारलं, 'कुनाकडून घेतलंस, पोरी?'

मी सगळं सांगितलं. ते म्हणाले की जहाज टाकून देता येत नाही. साहेबाने पण टाकलं नाही, मेल्यावरसुद्धा वाट बघत बसला. मागणाऱ्याला द्यायचं, एवढीच वाट. सोळा तारखेला खरी टोळी येते आहे, कार्यक्रम करून जहाज त्यांना सोपवायचं आहे. त्यांचं जहाज खरं, त्यांचा समुद्र खरा. त्या कॅप्टनच्या हातात गेलं की हे संपेल.

काकांनी ते अफरीनलाही सांगितलं. मी नको म्हणत होते.

९ जानेवारी, गुरुवार

अफरीन वर खोलीत आली. दार लावून माझ्याजवळ बसली. थट्टा नाही, काही नाही. म्हणाली, 'अक्षे, दे मला. आठ दिवसांचा तर सवाल हाय. मी सांभाळीन आनि त्यांच्या कॅप्टनला देऊन टाकीन. कार्यक्रमात मलाच द्यायचंय ना तसंपन.'

मग उभी राहिली आणि म्हणाली, जहाज मी घेतलं.

मला फक्त दोन शब्द बोलायचे होते.

कार्यक्रमात मलाच द्यायचंय, असं म्हणाली ती. म्हणजे सगळ्यांसमोर ती देणार. फोटो तिचा. बा येणार आहे त्या दिवशी, धुतलेली टोपी घालून. खोली तिची, आई तिची दोन हातांनी धडधाकट, आवाज तिचा, खुर्ची तिची. हे एक माझं आहे. भयंकर असेल, पण माझं आहे.

मी म्हटलं, सोळा तारखेला मीच देईन.

ती म्हणाली, 'तुला भीती वाटत नाय का?' मी म्हटलं, वाटते. खोटं नाही ते.

१३ जानेवारी, सोमवार

झोप नाही. सारखं विचारतात. आदेश? आदेश?

चाचींच्या हातातून उकळतं तेल सांडलं. थोडक्यात वाचल्या. मी अंघोळीला गेले होते, तेवढ्यात.

अफरीनने पुन्हा मागितलं. मी नाही म्हटलं. पुन्हा मागितलं. मी तिला खोलीतून जायला सांगितलं. तिच्याच घरातल्या खोलीतून.

१६ जानेवारी, गुरुवार

टोळी आली. खरे तिघे. पांढरे कपडे. कॅप्टन एक बाई आहे, शांत, डोळ्यांनीच काम सांगणारी. दुसरा अधिकारी उंच. मास्टर चीफने काकांना मिठी मारली. तिघं एकमेकांकडे न बघता एकमेकांचं वाक्य पुरं करत होते. मला हेवा वाटला त्याचाही.

कार्यक्रमात कॅप्टन सरळ अफरीनसमोर उभी राहिली. म्हणाली, जहाज मी घेतलं. अफरीन माझ्याकडे वळली. तिने वाट बघितली, सगळे बघत असताना. कुणीतरी खाकरलं. सुरेखा मॅडमनी डोळे वटारले. मी पुढे व्हायला हवं होतं. पण कॅप्टन तिच्यासमोर उभी होती, माझ्यासमोर नाही. मी कोण? बाजूला उभी राहणारी.

शेवटी अफरीन म्हणाली, जहाज तुमच्याकडे. टाळ्या.

पण तिच्याकडे नव्हतंच. पोकळ शब्द. आतून मला कळलं, काही हललं नाही.

निघताना तो उंच दुसरा अधिकारी माझ्याजवळ थांबला. तो मराठीच. म्हणाला की तू पहाऱ्यावर असल्यासारखी उभी आहेस. मग खुर्चीकडे बघून हळू म्हणाला, 'मीही रोज बघतो तिच्याकडे. बघावं. बसू नये.' आणि विचारलं, काही द्यायचं आहे का?

त्याला देता आलं असतं. त्याचंही जहाज खरं आहे.

दुसऱ्या नंबरच्या माणसाला? मी?

नाही सर, म्हटलं.

मग घरच्यांना आत सोडलं. अफरीनचा खुर्चीतला फोटो काढत होते. बाने टोपी सारखी केली आणि विचारलं, 'ही कोन बसलीया तुज्या जागंवर?'

मी म्हटलं, जागा राखतेय माझी.

अफरीनने ऐकलं. खाली उतरली. हसली नाही.

१७ जानेवारी

खोलीवर गेले नाही. खुर्चीत आहे. शेडला सुट्टी आहे. कुलूप बाहेरून असावं, मला आठवत नाही मी आत कशी

समुद्र खवळला आहे. दिवे खूप आहेत. प्रत्येक दिव्याखाली कुणीतरी आहे. एकाखाली आई. एकाखाली बा, टोपी दिसते. डावीकडे घ्या— वेग— डावीकडे—

आता समजतं तो श्वास कसला होता.

१८ जानेवारी

ऊन पत्र्याच्या फटीतून येतं आहे, म्हणजे दुपार.

काका आणि अफरीन आले आहेत. कुलूप तोडलं. अफरीन समोर उभी आहे. बाला फोन केला म्हणते. खलीलचाचा गाडी घेऊन वाडीला गेलेत, बाला आणायला— दोघं परत येताना घाटात आहेत—

दिवा दिसतोय, साहेब. समोरून. आदेश?

घसा बसला आहे. आवाज निघत नाही. सांगायचं आहे डावीकडे, पण निघत नाही. कुजबुज तेवढी निघते. लाटांच्या आवाजात ती खलाशांपर्यंत पोचत नाही. समोरच्या अफरीनला दोन शब्द ऐकू जातील. काका म्हणतात दोनच शब्द, पोरी, दोनच, तुझा बा हाय त्या गाडीत—

अफरीन रडते आहे. तरी आवाज कसा खणखणीत. म्हणाली, जहाज मी घेतलं.

पुन्हा म्हणाली.

हात पुढे केला तिने. खुर्चीच्या हाताला लावला. माझ्या— तिथे, नखांपाशी. कशी बघते आहे खुर्चीकडे. काका म्हणतात तुझ्याकडे बघतेय ती, खुर्चीकडे नाय. खोटं. मला माहीत आहे कसं बघतात ते—

जवळ येतोय, साहेब.

म्हणते. आता म्हणते. बा, म्हणते मी. जहाज

जहाज माझ्या—